एवढ्या एका सीनमध्ये चूक नव्हती

माझ्या बाबांच्या शेजारी बसून लढाईचा पिच्चर बघणं ही शिक्षा होती. कौतुकानं म्हणत नाहीये, खरंच शिक्षा होती. मुकुंदवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत टीव्ही आला, तेव्हापासून सव्वीस जानेवारी आणि पंधरा ऑगस्टला दुपारी कुठला तरी जुना लढाईचा पिच्चर लागायचाच. बाबा सतरंजीवर मांडी घालून बसायचे आणि नावांच्या पाट्या पडायच्या आतच त्यांचं तोंड सुरू व्हायचं. "ही बंदूक तव्हा नव्हतीच." "ह्याची दाढी बघ. आठ दिवस खंदकात आन् गाल कसा गुळगुळीत!" "लोखंडी टोपी काहून नाय डोक्यावर? केस दिसायला पायजेत ना साहेबाचे!" हिरोनं एकट्यानं अख्खी टोळी लोळवली की आम्ही पोरं टाळ्या पिटायचो. तेवढ्यात मागून आवाज यायचा, "ह्याच्या गोळ्या संपत नायत व्हय रे? आम्हाला तर एकेका गोळीचा हिशोब द्यावा लागायचा."

आई वैतागायची. "अहो, करमणूक आहे ती! तुमची लढाई तुमच्यापाशी ठेवा ना, आम्हाला सुखानं बघू द्या."

बाबा फौजेत ड्रायव्हर होते. एकाहत्तरच्या लढाईत त्यांनी ट्रक चालवला होता, त्यामुळं पिच्चरमधल्या गाड्यांवर त्यांचा खास राग. गिअर न बदलता ही गाडी चढ कशी चढली, इथपर्यंत ठीक होतं. पण त्यांची एक हरकत अशी होती की तिच्यावर आम्ही पोट धरून हसायचो. हिरो पळत येतो, उडी मारून गाडीत बसतो, धुरळा उडवत निघतो, की बाबा म्हणायचे, "खाली बघितलं का त्यानं? गाडीखाली?"

"अहो, शत्रू पाठीशी लागलाय," आई म्हणायची. "तो काय वाकून बघत बसंल?"

"बघायलाच पायजे."

मग आमच्या घरात तो खेळच झाला. कुणी सायकल काढली तरी माझा भाऊ ओरडायचा, "खाली बघितलं का?" बाबा हसायचे नाहीत. पण ते स्वतः खरंच बघायचे. रिक्षा असो, शेजाऱ्याची जीप असो, भाजीवाल्याचा टेम्पो असो, सुरू व्हायच्या आधी बाबा गुडघ्यावर हात ठेवून वाकणार, या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवणार, मग बॉनेटवर दोनदा थाप मारणार. म्हातारपणी गुडघे गेले, तरी वाकणं सुटलं नाही. लोकांना वाटायचं मांजरीचं पिल्लू शोधतायत.

एवढा कसलेला ड्रायव्हर, पण फौज सोडल्यावर बाबांनी स्टेअरिंगला हात लावला नाही. मी स्कूटीवरून पुढं कार शिकायला निघाले तेव्हा म्हटलं, तुम्हीच शिकवा की. तर तोंड फिरवून चुना मळत बसले. ते एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले आणि तिथंही कायम नाईट मागून घ्यायचे. बाकीचे वॉचमन खूश, फुकटात रात्रीची झोप मिळाली म्हणून. आई त्यांना वटवाघूळ म्हणायची. दिवसाही बाबा आडवे पडायचे ते डोळे उघडे ठेवूनच.

आता काकूबद्दल सांगते, कारण हे सगळं तिच्यासाठीच आहे.

काकू रक्ताच्या नात्यातली नाही. बाबांच्या गावची, देवगाव रंगारीची, आमच्याच वस्तीतली. तिचा नवरा आणि माझे बाबा लहानपणापासूनचे जोडीदार. एकाच वर्षी दोघं फौजेत भरती झाले, एकाच पलटणीत गेले. लढाईतून बाबा परत आले, काका आले नाहीत. काकूच्या लग्नाला तेव्हा पुरतं वर्षसुद्धा झालं नव्हतं. मूलबाळ नाही. माहेरच्यांनी दुसरं लग्न कर म्हणून लई आग्रह केला, पण ती तिथंच राहिली, पुतण्याला वाढवलं, दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला. बाबांना ती भाऊ म्हणायची. बाबा तिला वहिनी म्हणायचे आणि दरवर्षी एक लुगडं नेऊन द्यायचे. एखाद्या वर्षी आईला आणलं नाही, पण काकूचं कधी चुकलं नाही.

काका कसे गेले ते आम्हाला पाठ होतं. काकूच सांगायची. लढाईनंतर बाबा पहिल्यांदा सुट्टीवर गावी गेले तेव्हा सगळी वस्ती गोळा झाली होती आणि बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. छातीत गोळी लागली. बाबांनी त्यांना ओढत एका झाडाखाली नेलं, डोकं मांडीवर घेतलं. काकांनी घोटभर पाणी मागितलं आणि म्हणाले, "माझ्या माणसांना सांग, मी पाठ दाखवली नाय." मग मान टाकली. गावच्या शाळेत सव्वीस जानेवारीला हेडमास्तर भाषणात हेच सांगायचे. झेंडावंदनाला काकूला पुढं खुर्ची, शाल आणि नारळ. ते सगळं उरकून काकू एसटीनं आमच्याकडं यायची, कारण तिच्याकडं टीव्ही नव्हता, आणि नारळ आईच्या हातात देऊन पिच्चरला बसायची.

मी चौथीत असेन. त्या वर्षी एक नवाच जुना पिच्चर लागला होता. आम्ही सगळे खाली बसलो होतो, काकू पुढं, शेंगा फोडत. बाबांच्या चुका काढणं जोरात चाललं होतं. आणि एकदम पडद्यावर हिरोच्या दोस्ताला छातीत गोळी लागली. हिरोनं त्याला ओढत झाडाखाली नेलं. डोकं मांडीवर. घोटभर पाणी. आणि तो हिंदीत तेच बोलला. घरच्यांना सांग, मी पाठ दाखवली नाही. मग मागं बासऱ्या वाजायला लागल्या.

काकूच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं मागं वळून बाबांकडं बघितलं. "भाऊ," ती म्हणाली, "असंच ना?"

बाबांचं तोंड मला अजून दिसतं. कुणीतरी घशात हात घातल्यावर होतं, तसं झालं होतं. मग ते म्हणाले, "व्हय वहिनी. असंच."

काकू पदर तोंडाला लावून रडली. आई रडली. आणि मी? मला तर अस्मान ठेंगणं झालं! दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गात सांगत सुटले, आमच्या काकावर पिच्चर काढलाय म्हणून. एका पोरीनं खोटं म्हटलं तर तिची वेणी ओढली.

पुढं तो पिच्चर वर्षा-दोन वर्षांनी लागायचाच. काकू यायची. तो सीन आला की मागं वळायची. "भाऊ, असंच ना?" "व्हय वहिनी." ज्या माणसाला बिल्ला डाव्या खिशावर की उजव्या यावरून चीड यायची, तो त्या एका सीनला तोंडातून शब्द काढायचा नाही. मला वाटायचं, दोस्ताच्या मरणाचा मान ठेवतायत.

पुढं मी सरकारी दवाखान्यात नोकरीला लागले, केसपेपरच्या खिडकीवर. दिवसभर लोकांवर खेकसायचं काम. पण तिथं माणसं जाताना बघितली. जाणारा माणूस निरोप बिरोप देत नाही हो. पाणी म्हणतो, नाहीतर आई म्हणतो, नाहीतर नुसता वर बघत राहतो. तेव्हा कधीतरी मनात आलं होतं, काका बरे एवढं नीट बोलले. पण आलं आणि गेलं. आपल्या माणसाच्या गोष्टीत कोण खोट काढतं?

बाबा गेल्या पावसाळ्यात गेले. आधी दोन-तीन महिने घरातच पडून होते, फुप्फुसात पाणी झालं होतं. एका दुपारी त्यांना बरं वाटावं म्हणून मी मोबाईलवर तोच पिच्चर लावून त्यांच्या छातीवर धरला. म्हटलं, काढा चुका, तेवढीच करमणूक. बघत राहिले, काही बोलेनात. तो झाडाखालचा सीन आला. तेव्हा बोलले.

"झाड नव्हतं तिथं."

"काय?"

"तिथं झाड नव्हतं. गोळी बी नव्हती. आन् त्याचं डोकं माझ्या मांडीवर नव्हतं."

मी मोबाईल बंद केला. बाबा वर पत्र्याकडं बघत, थांबत थांबत, दम घेत सांगत गेले. थंडी लई होती. दव पडायचं म्हणून पोरं ट्रकखाली घोंगडं ओढून झोपायची, काकाही. पहाटं हुकूम आला, गाड्या हलवा, लगेच. धुकं होतं. "मी मागं बघितलं. दोन्ही बाजूला बघितलं. खाली नाय बघितलं." एवढंच. चौकशी झाली, अपघात म्हणून मिटली. वरच्या साहेबानं सांगितलं, घरच्यांना एवढंच सांग, लढाईत गेला.

"मग ते झाड? ते पाणी?"

"छावणीत पडदा बांधून पिच्चर दाखवला होता नंतर. त्यातलं. वहिनी समोर येऊन बसली, सगळा गाव बसला. म्हणली, भाऊ, कसं झालं सांग. माझ्या तोंडातून तेच निघालं बघ. मला वाटलं, आमच्या गावात कोण आणतंय तो पिच्चर. तर तो घरातच आला, टीव्हीतून."

मग म्हणाले, "तू सांग तिला. मी गेल्यावर. माझं तोंड उघडंना झालंय."

मला असा राग आला! आजारी माणूस आहे हेसुद्धा सुचलं नाही. "वा रे वा! गाठ तुम्ही मारली आणि सोडायची मी? म्हातारीला काय तोंड दाखवू? इतक्या वर्षांची तिची माया, एका वाक्यात तोडू?" बाबांनी माझा हात धरून ठेवला. हात सुटेपर्यंत मी हो म्हटलं होतं.

बाबांच्या मातीला काकू आली. त्रिशरण म्हणून झालं, सगळे उठले, तरी ती बाबांच्या पायांपाशी बसून होती. "माझा पाठीराखा गेला गं," म्हणाली. त्या वेळी कुठून सांगणार? नंतर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सांगू म्हटलं, तिथं पाहुणे होते. मग फोनवर सांगू म्हटलं, तर ती आधी विचारायची, जेवलीस का. माझ्या जिवाला घोर लागला होता. खोटं बोलावं तर बाबांना दिलेला शब्द, खरं बोलावं तर काकू जाते हातची. आई तर आधीच गेलेली, भाऊ लांब परगावी. काकू गेली की माहेर म्हणावं असं मला काहीच उरत नव्हतं.

यंदाच्या सव्वीस जानेवारीला रजा टाकली आणि सकाळच्या गाडीनं देवगावला गेले. झेंडावंदन चालू होतं. काकू पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर, बाबांनी दिलेलं शेवटचं लुगडं नेसून. आणि शाळेच्या पोरांनी काय बसवलं होतं माहितेय? काकांचं मरण. एक पोरगं छातीवर लाल रंग फासून पडलेलं, दुसऱ्यानं त्याचं डोकं मांडीवर घेतलेलं, मागं झाड म्हणून कडुलिंबाची फांदी धरून तिसरा उभा. स्पीकरवर त्याच पिच्चरमधल्या बासऱ्या. "मी पाठ दाखवली नाय," पोरगं ओरडलं आणि सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या. मला उठून पळावंसं वाटलं.

दुपारी काकूच्या घरी दोघीच होतो. पुतण्याचं बिऱ्हाड शेतावर गेलं होतं. आता काकूकडं मोठा टीव्ही आहे. तिनं नारळ कोनाड्यात ठेवला, शेंगा भाजून आणल्या आणि टीव्ही लावला. कुठल्या तरी चॅनलवर तोच पिच्चर चालू होता. मी मागं भिंतीला टेकून बसले, काकू पुढं. सीन आला. गोळी लागली, झाड आलं, मांडी आली, पाणी आलं. काकूनं सवयीनं मागं वळून बघितलं. तिथं मी होते.

"आता कोणाला इचारू गं?" ती म्हणाली.

"काकू," मी म्हटलं, "तिथं झाड नव्हतं."

काकू दचकली नाही. रिमोट घेऊन तिनं आवाज बंद केला. "ठाऊक हाये मला."

"काय ठाऊक आहे?"

"काय झालं ते नाय ठाऊक. पण हे झालं नाय, हे ठाऊक हाये." ती शेंगांची टोपली बाजूला सारत म्हणाली, "तुझा बाप कसा व्हता? पिच्चरमधल्या टोपीत चूक काढंल, बुटात चूक काढंल, दाढीत काढंल. आन् एवढा एक सीन आला की गप! त्यात एक बी चूक नाय? अगं, खरं असतं तर त्यानं ह्यात बी काढली असती. म्हणला असता, वहिनी, झाड असं नव्हतं, तसं व्हतं. मी तव्हाच वळखलं, तू चौथीत व्हतीस तव्हा."

"मग दरवर्षी विचारत का होतीस?"

"वाटायचं, औंदा तरी म्हणंल. नाय वहिनी, असं नव्हतं, बस, सांगतो."

मी रडायला लागले. इतकी वर्षं ती दार उघडत होती आणि बाबा ते लावून घेत होते, आणि आम्ही मधे बसून शेंगा खात होतो. काकू मात्र रडत नव्हती. तिनं माझा दंड धरला. "तुला सांगून गेलाय ना तो? मग सांग. हा पिच्चरमधला माणूस पिच्चर संपला की उठून घरी जातो गं. आयुष्यभर त्याच्या मरणावर रडले मी. आता माझ्या माणसाचं मरण दे मला."

मी सांगितलं. थंडी, घोंगडं, धुकं, हुकूम. बाबांनी सांगितलं त्याच शब्दांत, काही कमी-जास्त केलं नाही. गाडी कोण चालवत होतं तेही सांगितलं. मागं बघितलं, बाजूला बघितलं, खाली नाही बघितलं.

काकू उठली. आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला. मी पिशवी जवळ ओढली, आता ती जा म्हणणार हे धरूनच. बाहेर आली ती दारातच उभी राहिली. "त्याचं लुगडं नेसले मी," ती अंगावरचा पदर मुठीत धरून म्हणाली. "जन्मभर त्याच्या हातची लुगडी नेसले. त्याला पाठीराखा म्हणले. त्याच्या मातीला बी म्हणले." तिचा आवाज असा चढला होता की मी खाली मान घातली.

मग ती माझ्यासमोर खाली बसली. टीव्हीवर आवाज नसलेली लढाई चालूच होती.

"झोपेत व्हता का गं तो?"

"हो काकू. झोपेतच होते."

"त्याला कळलं नसंल?"

"नसंल."

तिनं मान हलवली. सुरकुतलेल्या बोटांनी लुगड्याचा काठ किती तरी वेळ सरळ करत राहिली. मग तिनं विचारलं, "आन् भाऊ? त्याला यायची का झोप?"

"नाही," मी म्हणाले. "म्हणून तर जन्मभर नाईट मागून घेतली त्यांनी. गाडी दिसली की वाकून खाली बघायचे. शेवटपर्यंत."

"मांजर शोधतो वाटायचं मला," काकू म्हणाली, आणि तेव्हा तिचा बांध फुटला. पिच्चर बघताना ती पदर तोंडाला लावून रडायची. आज पदर लावायचं तिला सुचलं नाही. बाबा बसायचे तशी, माझ्या शेजारची भिंतीलगतची जागा रिकामी होती, तिकडं बघून ती म्हणाली, "मला सांगायचं व्हतं की रं, येड्या. मी काय खाल्लं असतं का तुला?"